रावसाचे चार वाटे

मोरूदादा गेल्याची बातमी मला हमीद अंकलनी दिली. खरं सांगतो, वाईट वाटण्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की यांना आधी कशी कळली? मोरूदादा रेवदंड्याचा, मी पुण्याचा, दोघांची भाषा एक. आणि त्याच्या मुलीने गावाहून फोन करावा तो सिंगापुरातल्या एका निवृत्त मलय शाळामास्तरांना... रॅफल्स प्लेसच्या बँकेतल्या माझ्या ऑफिसात रिसीव्हर कानाला लावून मी यावरच विचार करत होतो. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही, असं अंकल सांगत होते आणि मी नुसतं 'हो का' म्हणत होतो. माझा स्वभाव संशयी आहे. बायको म्हणते, प्रसादाच्या शिऱ्यात कोणाला बेदाणे जास्त गेले तेसुद्धा तुम्ही बघता. मोरूदादाबद्दल लिहायचं तर हे आधीच कबूल केलेलं बरं.

तो बंदरातल्या टगबोटीवर इंजिन सांभाळायचा. नोव्हेंबर सरत आला आणि वारा ईशान्येचा झाला, की सामुद्रधुनीत रावस यायचा. इथे त्याला कुराव म्हणतात, आणि इंग्रजांनी त्याला इंडियन सामन असं भारदस्त नाव दिलेलं. मग हंगाम संपेपर्यंत दर रविवारी मोरूदादा गाइड. पोंगोलच्या जेट्टीवरून एक जुनी लाकडी बोट सुटायची आणि तीत गिऱ्हाइकं तीनच : मी, हमीद अंकल आणि तांजोंग पगारला दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर टॅन. आख्खा हंगाम आम्हा तिघांचा. ब्याण्णव साली मी इथे आलो तेव्हा बायको आणि मुलगी पुण्यातच होत्या. आठवडाभर कानावर मराठीचा एक शब्द पडायचा नाही. रविवारी पहाटे जेट्टीवर 'काय पुणेकर, आलात का' एवढं ऐकलं, की पुढचे सहा दिवस निभायचे. त्या बोटीवरची जागा गेली तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि म्हणूनच ती आपली जागा कोणीतरी घेणार, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

रावसाच्या जागी जाताना तो सरळ कधी जायचा नाही. एक झाड आणि एक धुराडं एका रेषेत आलं की थांबायचं, ही त्याची खूण. पण कुठलं झाड आणि कुठलं धुराडं, ते कधी सांगितलं नाही. बोट उगाच दोन गिरक्या घ्यायची. ही जागा आम्हाला कळू नये म्हणून तू मुद्दाम फिरवतोस, असं मी एकदा बोलून दाखवलं. तर म्हणाला, "खूण कळून करणार काय पुणेकर? बँकेत गळ टाकणार?" टॅन काही न कळताही हसले. ते का हसले, यावर मी तो आठवडा काढला.

गळाला लागलेला मासा ज्याचा त्याचा नव्हे, हा त्याचा नियम. सगळा मासा एकत्र कापायचा आणि चार वाटे घालायचे. तीन आमचे, एक त्याचा. हे त्याने गावाकडून आणलेलं. एकाने पाठ करून बसायचं. मोरूदादा एका वाट्याकडे बोट दाखवून विचारणार, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. त्याला वाटा दिसत नाही, म्हणून भांडणाला जागा नाही. पाठ नेहमी हमीद अंकल करायचे, वयाचा मान म्हणून. तिसऱ्या हंगामात मात्र पोटाकडच्या जाड तुकड्यांचा वाटा लागोपाठ तीन रविवार टॅनना गेला. मी बारीक लक्ष ठेवलं. चौथ्या रविवारी मला सापडलं... चांगल्या वाट्याशी आला की मोरूदादा सुरी फळीवर दोनदा आपटायचा. टक टक. अंकल म्हणायचे, "टॅन." झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं. पुढच्या वर्षी बोट टॅन आणि त्यांच्या डॉक्टर मित्रांची होणार, आणि मला नारळ मिळणार.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, आज पाठ मी करतो. मोरूदादाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बरं म्हणाला. मी पलीकडच्या मलेशियातल्या जोहोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून बसलो. पहिला वाटा, आवाज नाही. मी अंकलचं नाव घेतलं. दुसरा, आवाज नाही, टॅन. तिसऱ्याला टक टक झालं. मी चटकन म्हणालो, "माझा." वळून पाहिलं तर शेपटीकडचे चार तुकडे आणि दोन बारकी शिंगाळी, एरवी कोणी न घेणारी मासळी. मोरूदादा खवले झटकायला पुन्हा सुरी आपटत होता. सुरीचे खवले तो असेच झटकायचा, की मी कान देऊन बसलोय हे ओळखून त्याने मला बनवलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी भडकलो. तू ठरवून करतोस, वाट्यात लबाडी करतोस, असं सगळ्यांसमोर म्हणालो, आणि तेही इंग्रजीत, टॅनना कळावं म्हणून. मोरूदादाचा चेहरा उतरला. तो मराठीत एवढंच म्हणाला, "वाट्यात लबाडी करणाऱ्याच्या बोटीत आमच्याकडे कोणी बसत नाही." मी त्याचा अर्थ घेतला, की उतर. त्यानंतर मी गेलो नाही, त्याने बोलावलं नाही. दोन हंगामांनंतर तो गावी परतला तेही मला उशिरा कळलं.

गेल्या रविवारी हमीद अंकलना भेटायला त्यांच्या सेंगकांगच्या नव्या फ्लॅटवर गेलो. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, की मी बोट सोडल्यावरही मोरू चारच वाटे घालायचा. "तुझं नाव घ्यायचाच, ला. एव्हरी संडे," इथल्या सवयीप्रमाणे शेवटी 'ला' लावत ते म्हणाले. माझा वाटा तो घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवायचा. सोमवारी पुणेकराला फोन करतो म्हणायचा. कधी केला नाही, आणि पुढच्या रविवारी ते तुकडे अंकलच्या शेजाऱ्यांना जायचे. मी फोनपासून चार हातांवर असायचो. मीही केला नाही. एकदा तर सबंध हंगामातला सगळ्यात मोठा रावस लागला आणि पोटाकडचा वाटा निघाला माझ्या नावाने. तेव्हा मोरूदादा डोळे पुसेपर्यंत हसला. म्हणाला, आज पुणेकर इथे असता तर म्हणाला असता, यातही मोरूची काहीतरी चाल आहे.

मी कप खाली ठेवला आणि विचारलं, त्या दिवशी पाठ कोणी केली होती?

अंकलनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. "मोरूने," ते म्हणाले. "तू गेल्यापासून तोच पाठ करायचा. बोट मी दाखवायचो."

मग सुरी कोणाच्या हातात होती, आणि त्या वाट्याला टक टक झालं होतं का, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही. मोरूदादासाठी मी केलेली ही एवढी एकच गोष्ट, आणि तीही तो गेल्यावर.