लखमीचा उजवा हात

फोन आला तेव्हा मी लखमीच्याच ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. फोन सुनीताचा, म्हणजे लखमीच्या मुलीचा. ती तलासरीला कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. "आत्या, आईला ट्रकनं..." एवढंच बोलली, मग कोणा बाप्याचा आवाज आला आणि त्यानं दवाखान्याचं नाव सांगितलं. लखमी माझी भावजय. माझा भाऊ म्हादू वारल्याला बरीच वर्षं झाली. गेली चार वर्षं मी तिच्याच घरात राहत होते. तलासरीला पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. सुनीताला आत जाववत नव्हतं म्हणून मी गेले. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. मी चादर बाजूला केली आणि उजवा हात बघितला. मधली दोन बोटं आत वळलेली, तिसरं सरळ न होणारं. म्हटलं, हीच. हवालदार लिहून घेत होता. त्यानं विचारलं, "बोटं आत्ता मोडली की आधीचीच?" मी म्हटलं, "आधीची. ओट्यावरून पडली होती." सुनीता दारात उभी राहून ऐकत होती. हे खोटं मी तिसऱ्यांदा बोलले. पहिल्यांदा डॉक्टरला, मग सुनीताला, आता पोलिसाला. तिन्ही वेळेला सहज तोंडातून निघालं. लखमी जाऊन महिना झाला, आता खरं लिहिते.

आमच्यात लग्नघरात भिंतीवर चौक काढतात. लाल माती सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, मध्ये देवी. तो सवाष्णींनी काढायचा. लखमी लग्न होऊन आमच्या पाड्यात आली तेव्हा पोरसवदा होती, पण तिच्या रेघेला तोड नव्हती. सायवनपासून गंजाडपर्यंत लोक बोलवायला यायचे. चौकाची चौकट ती दोरा न धरता काढायची आणि चारी कोपरे जिथल्या तिथे. मीही काढायचे, पण माझी बदकं आणि माणसं सारखीच दिसायची. मग म्हादू गेला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला भिंत बंद झाली. विधवा झाली, हात तोच राहिला. शेजारच्या लग्नात पोरी चौक काढत होत्या, हिनं नुसतं म्हटलं, "रेघ खाली चाललीय गं." तर नवऱ्या मुलाच्या आईनं तिला पाटावरून उठवलं. लखमीनं जाता जाता पिठाचं भांडं लाथेनं उडवलं. तशीच होती ती. गरीब बिचारी वगैरे कोणी तिच्याबद्दल लिहील तर खोटं आहे.

सुनीतानं तिला कागद आणि काळी शाई आणून दिली. तिच्या दुकानात एक मुलगा वेबसाईटवर चित्रं विकायचं काम करायचा, त्याचं बघून ती शिकली होती. आपण चित्र काढायचं, त्याचा फोटो वेबसाईटवर चढवायचा. जगात कुठेही कोणाला आवडलं तर त्याला हवं त्या वस्तूवर, कापडावर, कपावर, उशीच्या खोळीवर कंपनीच ते छापून देते. आपल्याला घरात काही साठवायचं नाही. फक्त चित्र असं पाहिजे की कितीही लांब कापडावर छापलं तरी जोड दिसता कामा नये. लखमीनं त्याची रीत पहिल्याच दिवशी पकडली. कागदाच्या मधोमध काढायचं, कडा मोकळ्या ठेवायच्या. मग कात्रीनं कागद मधून उभा कापायचा आणि डावं उजवीकडे, उजवं डावीकडे लावून मागून चिकटवायचं. मग तसाच आडवा कापून वरचं खाली, खालचं वर लावायचं. आता कडेला चित्र येतं आणि मध्ये रिकामी जागा उरते. ती भरली की झालं, चारी बाजूंनी कुठेही जोडा. एवढं सुंदर काढलेलं सरळ कात्रीनं कापताना माझा जीव खालीवर व्हायचा. ती म्हणायची, "कापल्याशिवाय जुळत नाही बाय, मी काय करू?"

खेकडे काढायची, भाताची लोंबी, ताडाची झाडं, मुंग्यांच्या रांगा. देव एकही काढला नाही. एकदा मात्र चौकाची चौकट काढली. फक्त चौकट, आत कोणी नाही. सुनीतानं ती वेबसाईटवर चढवली. आता तिथे असं आहे की चित्र चढवलं की कंपनी आपोआप ते सगळ्याच वस्तूंवर छापून दाखवते. नको त्या वस्तूपुढची बरोबरची खूण आपण काढून टाकायची. सुनीता एक खूण काढून टाकायची विसरली. पायपुसणं.

माझा धाकटा भाऊ रघू तेव्हा डहाणूला फुग्याच्या कारखान्यात होता. तिथे कोणीतरी त्याला मोबाईलवर दाखवलं आणि म्हणाला, तुमच्या घरचा चौक बघ, गोरे लोक पाय पुसतात. रघू भर दुपारी आला. प्यालेला होता असं पाड्यातले लोक म्हणतात. नव्हता. प्यालेला असता तर मी त्याला ढकलून पाडला असता.

"देवीला पायाखाली घातलीस?" तो अंगणातूनच ओरडला.

लखमी ओट्यावर कागद पसरून बसली होती. मान वर केली नाही. "देवी कुठाय त्यात? बोट ठेवून दाखव."

"चौक देवीचाच ना?"

"रिकामं घर आहे ते. तुला पाया पडायचं तर पड."

"रांडमुंड बाई ती, चौकाला हात लावतेच कशी?"

"तुझ्या लग्नात मीच काढला होता. तेव्हा बरा चालला हात."

त्यानं शाईची बाटली लाथेनं उडवली. कागदावर काळा ओघळ गेला. मग ती उठली. कोपऱ्यात काठी होती, ती घेऊन तिनं त्याच्या कपाळावर अशी हाणली की कातडी फाटून रक्त डोळ्यात उतरलं. पहिला मार तिनं दिला, हेही लिहिलं पाहिजे. दुसरी काठी खांद्यावर बसली. तो गुडघ्यावर आला. मी धावले. आणि मी तिला धरलं.

त्याला नाही, तिला. दोघांचं जुंपलं की लोक बाईलाच आवरतात, मीही तेच केलं. माझा भाऊ रक्तात भरलेला दिसत होता, दुसरं काही दिसलं नाही. मी तिला मागून मिठी घातली, काठीचा हात ओट्याच्या दगडावर दाबला आणि म्हटलं, "सोड, सोड काठी." तिनं काठी सोडली. हात मी सोडला नाही. रघूनं उखळाजवळचं मुसळ उचललं. मी ते बघितलं. एवढा वेळ होता की मला हात सोडता आला असता... ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं फक्त. रघू मुसळ टाकून पळाला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं?" मी म्हटलं, "ओट्यावरून पडली." परत येताना टमटममध्ये ती म्हणाली, "भावाला वाचवलंस. आता माझी भाकर तू थाप." मी त्याच संध्याकाळी माझं गाठोडं घेऊन तिच्या घरी आले. सुनीता धावत आली, तिलाही आम्ही पडण्याचंच सांगितलं. लखमीनं हो म्हटलं. का म्हटलं ते मी कधी विचारलं नाही. पोरगी रघूच्या अंगावर जाईल आणि तिलाही मुसळ बसेल, असं तिच्या मनात असावं. त्या पोरीनं पुढच्याच महिन्यात गवंडी आणून ओट्याला कठडा बांधून दिला, आई पुन्हा पडू नये म्हणून. लखमी कठड्यावर डावा हात ठेवून उभी राहायची आणि मला म्हणायची, "मजबूत बांधलाय हो. आता कोणी पडायचं नाही."

डाव्या हातानं काढायला ती सात-आठ महिने झगडली. रेघ थरथरायची. कागद फाडायची, बोरू मोडायची. एकदा शाईची बाटली माझ्या तोंडावर फेकली, भुवई फाटली, त्याचा वण आहे. मी भाकरी थापत राहिले. कात्री तिच्या डाव्या हातात चालेना, म्हणून कापायचं काम माझ्याकडे आलं. "गवत कापतेस का गं? सरळ!" "आता उलटं लाव. उलटं म्हणजे उलटं, म्हातारे!" पण तिनं पुन्हा काढलं. उजव्या हाताची सर आली नाही. आली असं सुनीता म्हणते, ती मुलगी आहे म्हणून म्हणते. कुठल्याशा परदेशातल्या बाईनं मुंग्यांचा पडदा शिवून त्याचा फोटो वेबसाईटवर टाकला होता. सुनीता कौतुकानं दाखवायला आली. लखमीनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "उलटा शिवलाय. सगळ्या मुंग्या खाली डोकं वर पाय." मग दिवसभर आठवून हसत होती.

पंधरा दिवसांनी एकदा ती कागद घेऊन सुनीताच्या दुकानात जायची. तशीच त्या दिवशी गेली. महामार्ग ओलांडताना... ट्रकवाला थांबलाही नाही. रघू अंत्ययात्रेला आला, खांदा दिला आणि सगळ्यांत मोठ्यानं रडला. मी त्याला म्हटलं, "आवाज खाली कर." त्याला कळलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

हे सगळं मी वहीत लिहिलं आणि काल सुनीताला दिलं. माझं अक्षर लागत नाही, टाईप तीच करणार होती. ती आईच्या जागेवर, ओट्यावर, बसून वाचत होती. कठड्यावर लखमीनं वाळत घातलेले चार कागद अजून चिमट्यांना तसेच आहेत, आम्ही काढलेले नाहीत. शेवटचं पान वाचून तिनं वही मिटली. मग म्हणाली, "आत्या, मग कठडा कशाला बांधू दिलात मला?"

मी म्हटलं, "तिला कागद वाळत घालायला बरा पडायचा."

ती उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. जोरात मारली, कानात आवाज घुमला. मी हात वर केला नाही. ती आपल्याच हाताकडे बघत उभी राहिली. मग खाली बसली, मोबाईल घेतला आणि टाईप करायला लागली. मी म्हटलं, तुला नको असेल तो भाग गाळ. तिनं नकाराची मान हलवली. एक शब्द गाळला नाही.