सुडीवरची ताडपत्री

ओल्या ताडपत्रीचा वास आला की जाफराबादकडचं आमचं शेत आठवतं. खतासाठी तिथं आम्ही एका धनगर कुटुंबाची मेंढरं बसवली होती. एका दुपारी अचानक पाऊस कोसळला. मी गावातून धावत शेतात पोचलो, तर कापलेल्या सोयाबीनच्या सुडीवर त्यांच्या पालाची ताडपत्री अंथरलेली, आणि उघड्या पडलेल्या काठ्यांखाली नवरा-बायको लेकराला पोटाशी धरून भिजत बसलेले. "आमचं काय दादा, आमी वाळून जाऊ. सोयाबीन भिजलं असतं तं काळं पडलं असतं," बाई म्हणाली. मी मान हलवली आणि आधी ताडपत्रीखाली हात घालून शेंगा चाचपल्या. आज स्लॅबखाली बसून पाऊस ऐकताना त्या शेंगांचा कोरडेपणा अजून हाताला लागतो.