व्हिटबीच्या भिंतीसाठी एक निवडुंग

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी शिकावं म्हणतात. मी पेंटिंग शिकलो. म्हणजे कॅनडात, हॅमिल्टनच्या घरात, बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या शेजारी व्हिडिओ लावून ॲरिझोनाचं वाळवंट रंगवत बसलो. बाहेर बर्फ शोव्हल करून यायचं, ओले मोजे बदलायचे आणि कॅनव्हासवर ऊन ओतायचं.

फोटो माझेच होते. मुलाच्या लग्नाआधी आम्ही दोघंच तिकडे गेलो होतो. त्याची आई गेल्यानंतरची ती पहिली ट्रिप, आणि दोघांचीच म्हणाल तर शेवटचीही. गाडी तो चालवायचा आणि मी खिडकीतून फोनवर धडाधड फोटो काढायचो. त्याने व्हिटबीला घर घेतलं तेव्हा दिवाणखान्याची मोठी भिंत मोकळी दिसली. तिथं आमची ती ट्रिप लागावी, एवढीच माझी इच्छा. एवढीच म्हणतो, पण अख्खा हिवाळा तिच्यापायी काढला. दोन फांद्या वर केलेला तो उंच निवडुंग माझ्या हातून पोलिसांना शरण आल्यासारखा झाला खरा. पण उजव्या कोपऱ्यातल्या गुलाबी ढगावर मी बेहद्द खूश होतो. फोटोत जसा होता तसाच्या तसा उतरवलेला!

गृहप्रवेशाच्या दिवशी सकाळी सुनेच्या माहेरची वास्तुशांत आणि संध्याकाळी आमची बुद्धवंदना, असा तह झाला होता. मी चित्र घेऊन पोचलो. मुलगा म्हणाला, "वॉव, बाबा!" आणि ते उचलून थेट गराजमध्ये, विंटर टायर्सला टेकवून ठेवलं. तोंड भिंतीकडे.

"अरे, तिकडे कुठे?"

"बाबा, ॲक्च्युअली, हिच्या आईला घरात काटेरी झाड चालत नाही. चित्रातलंही. वास्तूचं काहीतरी. यू नो हाऊ दे आर."

मला काय, निमित्तच हवं होतं. आमच्या असोसिएशनमध्ये अंधश्रद्धेवर तीच ती भाषणं ऐकवून मी लोकांना जांभया आणल्या होत्या. इथे तर नवा श्रोता थेट पुण्याहून आला होता. जेवणं चालू असताना, हातात पुरणपोळीचं ताट धरून, मी सुरू झालो. विज्ञानापासून निघालो तो दारावरच्या लिंबू-मिरचीपर्यंत पोचलो. पाहुणे खाली मान घालून जेवत होते. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या पोळीवर तूप वाढलं आणि विचारलं,

"पण भाऊ, हे मला कशासाठी?"

"तुम्हाला निवडुंग चालत नाही ना!"

"अगंबाई! कोण म्हणालं? माझ्या गॅलरीत निवडुंगाच्या कुंड्याच कुंड्या आहेत. यांना पाय ठेवायला जागा नाही, म्हणून रोज बोलणी खाते."

मी मुलाकडे पाहिलं. तो फोनकडे पाहत होता.

मी त्याला किचनमध्ये गाठलं. "खोटं का बोललास?"

"आय डिडन्ट वॉन्ट टु हर्ट यू."

"चित्रात वाईट काय आहे ते सांग."

"बाबा, माझे ऑफिसचे लोक येतात इथे." मग म्हणाला, "आणि तो ढग नाहीये. दॅट्स युअर थम्ब. लेन्सवर आला होता."

यावर हसायला हवं होतं. एरवी मी पहिला हसलो असतो, अंगठा दाखवत चार लोकांत किस्साही केला असता. पण मी विचारलं, "ती जागा तरी ओळखलीस का? तू गाडी थांबवली होतीस, पाणी प्यायला."

"कुठली जागा?" तो म्हणाला. "ॲरिझोना ना?"

विहीणबाई आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "भाऊ, मला द्या ते. मी नेते पुण्याला. छान आहे हो." बाईचं मन चांगलं होतं. मघाशी मी तिलाच शहाणपण शिकवत होतो.

"बॅगेत मावायचं नाही," मी म्हणालो.

"मावेल, मावेल!" मुलगा म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. धावत जाऊन तो टेप घेऊन आला, आम्हाला गराजमध्ये नेऊन चित्र उभं-आडवं मोजलं. मग म्हणाला, फ्रेम काढली की कॅनव्हासची गुंडाळी होईल. स्क्रूड्रायव्हर आणला आणि गराजच्या फरशीवर बसून एकेक स्टेपल उचकटू लागला, अगदी मन लावून.

कॅनव्हास हलत होता. मी वाकून त्याचा कोपरा धरला.

"थँक्स, बाबा," तो म्हणाला.