दुसरा फोटो

"थांबा जी, अजून एक."

एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, डावा हात वर, त्याचं एक बोट उभं. नागपुरात कुठल्या लॉनवर लग्नाला गेला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. फरक एवढाच, की बाकीचे फोटोग्राफर पहिला बिघडला म्हणून दुसरा काढतात. हा पहिला चांगला आला की हमखास दुसरा काढायचा.

सक्करदऱ्याकडच्या एका लॉनवर मी बरीच वर्षं मॅनेजर होतो. मांडव, पाणी, जनरेटर, पार्किंगमधली भांडणं, सगळं माझ्याकडे. तो आमचा ठरलेला फोटोग्राफर नव्हता, लग्नघरची मंडळीच त्याला घेऊन यायची. नागपूरजवळच्या मौद्याकडचं लग्न असलं की बहुतेक तोच. आल्या आल्या माझ्या खोलीत बॅटऱ्या चार्जिंगला लावायचा आणि विचारायचा, "साहेब, भाजी कायची आहे?" वांग्याची म्हटलं की खूश.

एकदा नवरीच्या मावशीनं त्याला भर स्टेजवर झापलं. "काहून गा, हासून हासून गाल दुखून राहिले. जेवू देतं का नाही?"

"जेवा न मावशी. मी कुठं धरून ठेवलं?"

मावशी हात उगारून त्याच्याकडे वळल्या आणि तिथे त्यांना खरंच हसू आलं. तो झाला दुसरा फोटो. पुढे मावशी वारल्या तेव्हा घरच्यांनी हार घालायला तोच निवडला, उगारलेला हात तेवढा कापून.

दुसऱ्या फोटोचं एवढं काय असतं, असं मी त्याला एकदा विचारलं. त्याला नीट सांगता येईना. "पहिल्यात लोकं फोटोत असतेत जी," म्हणाला. "मंग घरी येतेत."

बिदाईचेही फोटो जोडीनंच. एकात नवरी आईच्या गळ्यात पडून रडते आहे. दुसऱ्यात तीच, डोळे तसेच ओले, गाडीत बसताना भावाला विचारते आहे की माझ्या साध्या चपला ठेवल्या का. अल्बममध्ये ही पानं तो समोरासमोर लावायचा आणि त्यातलं एक कोणाला काढू द्यायचा नाही.

लग्नाचे फोटो लग्नघरचे, असं तो मानायचा. त्याच्या फेसबुक पेजवर हार, दिवे, मांडव दिसायचे, माणसं नाहीत. लग्नघरच्यांना तसा शब्दच द्यायचा. मला मात्र त्याला आवडलेले दोन-चार मोबाईलवर पाठवायचा. खाली लिहायचा, "पाहा अन् ठेवा." मी पाहायचो आणि ठेवायचो. एकदा सोडून.

ते लग्न मौद्याचं होतं. मुलीचे वडील आणि मुलाचे वडील एका वर्गात शिकलेले, जन्माचे दोस्त, आता व्याही. जेवणं उरकत आली होती. स्टेजसमोरच्या गर्दीत मुलीच्या वडिलांचा चष्मा पडला. चष्म्याशिवाय त्यांना दिसत नसे. ते गुडघ्यांवर बसून गालिच्यावर हात फिरवू लागले. चष्मा मुलाच्या वडिलांनी केव्हाच उचलून पाठीमागे लपवला होता. वरपक्षाची मंडळी भोवती उभी राहून हसत होती. मीही तिथे होतो. मीही हसलो.

पहिला फोटो तेव्हाचा.

"थांबा जी, अजून एक."

दुसऱ्यात मुलाचे वडीलही खाली बसले आहेत, मित्राच्या नाकावर चष्मा चढवत आहेत, आणि दोघं पोट धरून हसत आहेत.

दोन्ही मला आले. लॉनचं पेज मी सांभाळत असे. त्यावर काहीतरी टाकत राहा, असं मालक सांगायचे. मी पहिला फोटो टाकला. पहिल्यात मागची लॉनच्या नावाची पाटी पूर्ण दिसत होती. दुसरा त्यानं स्वतः खाली बसून काढला होता, त्यात पाटी आलीच नव्हती. कारण एवढंच. वर मी लिहिलं, "आनंदाचे क्षण".

तो फोटो कोणीतरी उचलला. पाटी कापून टाकली. "हुंड्यासाठी बापाला गुडघ्यावर आणलं" असं वर लिहिलं. कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं बारीक अक्षरातलं नाव मात्र राहिलं. ते नाव इथे मी लिहीत नाही. त्या दिवसांत ते पुरेसं वाचलं गेलं.

माझ्याच नात्यातल्या कोणीतरी तो मला पाठवला, पुढे पाठवा म्हणून. एका वर्तमानपत्रानं छापला. मुलाच्या वडिलांचं मौद्यात किराणा दुकान. लोक दुकानासमोर थांबून बोलून जायचे. मुलीचे वडील ज्याला त्याला सांगत होते की ती गंमत होती. लोक म्हणाले, पोरगी देऊन बसला, आता दुसरं काय बोलणार. आणि दोन्ही घरांनी मिळून राग काढला तो फोटोग्राफरवर. शब्द देऊन यानं आपल्या घरातली गोष्ट बाजारात नेली, म्हणून.

मी पेजवरचा फोटो काढून टाकला. मालकांनी विचारलं, कोणाकडून गेला? मी म्हणालो, फोटोग्राफरकडून गेला असेल.

तो एका दुपारी आला. लॉन रिकामं होतं. कॅमेरा नव्हता. बस म्हटलं तरी बसला नाही.

"साहेब, एक डाव मौद्याले चाला. मी नाही टाकला, एवढंच सांगा त्यायले."

"तूच सांग ना गा."

"मी सांगतलं तर तुमचं नाव घ्या लागन. तुमची नोकरी आहे जी."

मी म्हणालो, "पाहतो."

तो दारात थांबला. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. पहिलं झाल्यावर तो दुसऱ्यासाठी असाच थांबायचा. मी टेबलावरचे कागद सरळ केले. मग तो गेला.

मौद्याची लग्नं त्याला येईनाशी झाली, मग इतरही. पुढे कळलं की खाप्याला, सासुरवाडीच्या गावी, त्यानं लहानसा स्टुडिओ टाकला आहे आणि पासपोर्टचे फोटो काढतो. मी निवृत्त झालो. नोकरी जाण्याची भीती आता राहिली नव्हती. तरी खाप्याला जायला मला आणखी काही वर्षं लागली. बँकेत फोटो हवा होता, त्याचं निमित्त केलं.

त्यानं लगेच ओळखलं. "या साहेब," म्हणाला. पाणी दिलं. पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसवलं. काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवून आलो होतो.

"मान सरळ ठेवा."

त्यानं एक फोटो काढला. मी तसाच बसून राहिलो, त्याचं बोट वर जाण्याची वाट पाहत.

"झालं जी," तो म्हणाला.

ठरवलेलं सगळं मी तसंच परत घेऊन आलो.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. मला मोबाईलवर कळलं. कोणीतरी त्याचा फोटो टाकला होता आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही हात जोडून पाठवले.

मग मौद्याला गेलो. मुलीचे वडील ओसरीत बसले होते. मी माझं नाव सांगितलं आणि म्हणालो, तो फोटो मी टाकला होता. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तो आला होता तवा," ते म्हणाले. "तो म्हणे, फोटो माह्या हातून गेला. कोणाले देल्ला, ते लय इचारलं. बोललाच नाही. आम्हीच वाट्टेल ते बोललो त्याले."

व्याह्यांशी जाणं-येणं आहे का, असं मी विचारलं. पोरीपुरतं आहे, म्हणाले, लोकांच्या बोलण्यानं बसणं-उठणं सुटलं. मग उठून आत गेले.

मी दुकानावर गेलो. मुलाचे वडील साखर तोलत होते. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी पुडा बांधला, गिऱ्हाइकाला दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता काहून सांगून राहिले?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं.

तो दुसरा फोटो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. मी कोणाला पाठवलेला नाही. बँकेत खाप्याचा एकच फोटो लागला. बाकीची पट्टी पाकिटात आहे. मान सरळ, तोंड मिटलेलं. सगळे सारखेच.