खासदार यशोदाबाईंचं भाषण

मी साऊंडवाला माणूस. दादरला छोटा स्टुडिओ आहे, जाहिरातींचं आणि मालिकांचं डबिंग करतो. भूत, चकवा, बंद खोलीतले आवाज... असलं कोणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो, अर्थिंग नीट होतं का? त्यामुळे मित्रमंडळी माझ्यासमोर असे किस्से काढतच नाहीत. हेही बायकोने डोकं खाल्लं म्हणून लिहितोय. टाइमपास वाटला तर खुशाल पुढे जा, माझं काही म्हणणं नाही.

आम्ही लालबागचे, मूळ मालवणकडचे. यशोदाआत्या ही माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायची आणि गिरणीच्या गेटवर मीटिंग असली की भाषण करायची. आणि कसलं भाषण हो! माईक नाही, काही नाही, पण पाळी सुटलेली माणसं रिकामे डबे हातात घेऊन तशीच उभी राहायची. मी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलंय. पुढे धंद्यात इतके आवाज रेकॉर्ड केले, पण तसा परत भेटला नाही. थोडा खरखरीत, आणि शेवटच्या माणसापर्यंत सरळ जाणारा. एकदा ती लोकसभेला उभी राहिली आणि पडली. दुसऱ्या दिवशी माणसं नेहमीच्या वेळेला जेवायला आली तेव्हा पानं मांडलेली होती.

दोन वर्षांपूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला. हात सुधारला, पाय जेमतेम, बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले की रोज सराव केला तर पुष्कळ परत येईल, पण जितका उशीर कराल तितकं कठीण. स्पीच थेरपीवाली मुलगी घरी यायला लागली. आत्याने एकदाच प्रयत्न केला, काहीतरी वेडावाकडा आवाज बाहेर पडला, आणि त्या दिवसापासून तिने ओठ मिटले ते मिटलेच. तिला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. जिच्या एका शब्दावर अख्खं गेट गप व्हायचं, ती आता लहान पोरासारखी आ-ई करत बसणार? मी समजावलं, ओरडलो, शेवटी पाया पडलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. ही आता अशीच मुकी जाणार, या विचाराने माझा जीव तुटायचा.

अशात गेल्या गणपतीत बंड्याने देखाव्याची कल्पना काढली. बंड्या म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, मंडळाचा देखावा दरवर्षी त्याच्याच डोक्यातून निघतो. म्हणाला, आपण लोकसभा करू... पण पडलेल्यांची! म्हणजे आपल्याकडचे जे उभे राहून हरले, किंवा ज्यांची उभं राहायची ऐपतच नव्हती, तेच निवडून आले असते तर? बाकांवर विणकर, पोस्टमन, कोळीण, नर्स, हमाल. आणि मधोमध बोलायला उभ्या राहिलेल्या खासदार यशोदाबाई. मला एकदम भरून आलं. बंड्याला म्हटलं, तू थोर आहेस रे. चेष्टा नाही, मनापासून म्हटलं.

पुतळे परळच्या एका कारखान्यात बनवून घेतले. आत्याच्या पुतळ्याचा हात मोटरवर वर-खाली व्हायचा. हलता देखावा म्हटला की मागून रेकॉर्ड केलेला आवाज आलाच, ते काम अर्थात माझ्या गळ्यात. भाषण मी लिहिलं आणि माझ्या बायकोने, सुप्रियाने वाचलं. ती गिरगावची, एकदम स्वच्छ मराठी. आता देखाव्याचं असं असतं, शो लांबला की दर्शनाची रांग तुंबते आणि पोलीस येऊन बोंब मारतात. म्हणून भाषण मध्येच तोडायचं ठरलं. कसं तोडायचं? तर अध्यक्ष घंटी वाजवतात, यशोदाबाई "धन्यवाद" म्हणतात, हात खाली येतो, लाइट बंद. आम्हाला ही आयडिया फार हुशारीची वाटली होती. म्हणजे आत्याला आम्ही थाटामाटात लोकसभेत पाठवली आणि वर घंटी वाजवून गप केली. यात काही चुकतंय हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

आरतीनंतर दुपारी मंडप जरा रिकामा असतो, तेव्हा आत्याला आणायचं ठरलं. ती यायलाच तयार नव्हती. बंड्याने सरळ उचलून व्हीलचेअरवर बसवली. मंडपात ती, आम्ही दोघं आणि बंड्या, बस.

शो सुरू झाला. सुप्रियाचा आवाज, जसा रेकॉर्ड केला तसा. आत्या स्वतःच्या पुतळ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. घंटी वाजली, धन्यवाद म्हणून झालं, पुतळ्याचा हात खाली यायला लागला, आणि स्पीकरमधून आवाज आला...

"अध्यक्ष महोदय, घंटी वाजवू नका. माझा बोलना अजून संपूक नाय."

आत्याचा आवाज. झटक्याच्या आधीचा म्हातारा आवाज नव्हे... गेटवरचा.

मला पहिलं वाटलं, हे बंड्याचे उद्योग. पण बंड्याच आ वासून उभा होता. लॅपटॉपवर बघितलं तर ट्रॅक संपलेला. मिक्सरवर आवाज दाखवणारा एकही दिवा पेटलेला नाही. मी आवाज कमी-जास्त करायचे सगळे फेडर खाली ओढले. आवाज कशाला बंद होतोय!

"गिरण्या बंद पडल्या तेव्हा तुम्ही कामगार मोजलेत," ती बोलत होती. "मग त्यांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायका कुठे मोजल्या? चूल काय आपली आपण पेटत होती? हे विधेयक त्या बायकांचं आहे. ते मंजूर झाल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

आणि बाकं वाजायला लागली. शेकडो माणसं एकदम तळहातांनी लाकडी बाकं बडवतात तसा आवाज, त्या केवढ्याशा मंडपात. माझ्या ट्रॅकवर नुसती कुजबुज टाकलेली होती, बाकं नव्हतीच. मी मेन स्विचकडे धावलो, तर सुप्रियाने माझं मनगट धरलं.

"थांब. बोलू दे त्यांना."

मग मी थांबलो. भीती वाटली का? शप्पथ, नाही वाटली. मी रडत होतो. काय बोलली हो ती! मधेच कोणीतरी आडवं बोललं, त्याला तिने एका वाक्यात असं गार केलं की सगळं सभागृह हसलं. आकडेवारीचा पसारा नाही, आरडाओरडा नाही. पहाटे उठून पन्नास माणसांची भाकरी थापणारीचं मनगट कसं दुखतं, ते ती देशाला समजावून सांगत होती. दिल्लीला कोणी कधी असं बोललं असेल असं मला वाटत नाही. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. आपल्या घरातलं माणूस एवढं मोठं असतं आणि आपण त्याला चहा घेतेस का विचारत असतो.

भाषण संपलं. पुन्हा एकदा बाकं वाजली, आणि मग नुसता पंख्याचा आवाज राहिला.

आत्याचे ओठ हलत होते. "मा... मा..." लाळ गळली, तिने पुसली नाही. सुप्रिया तिच्यासमोर जमिनीवर बसली. खूप वेळ गेला. कोणी मदत केली नाही.

"माका... बोलूचा... हा."

त्यानंतर मी काय काय तपासलं ते विचारू नका. ॲम्प्लिफायरने रेडिओ पकडला म्हणावं, तर आत्याचं भाषण लावणारं स्टेशन कुठलं? एआय म्हणाल. मी स्वतः करून बघितलं, पण आमच्या फोनमध्ये आहे तो तिचा म्हातारपणचा आवाज, त्याच्यातून गेटवरचा निघत नाही. आणि त्या काळात तिचं भाषण कोणी टेप केलेलंच नाही. बंड्याने बाप्पासमोर शपथ घेतली. बंड्या माझ्याशी खोटं बोलेल, बाप्पाशी नाही. ट्रॅक आहे तसा आहे, त्यात एक शब्द जास्तीचा नाही. मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता मी शोधतही नाही. घंटी मात्र त्याच दिवशी काढली आणि सुप्रियाकडून भाषण पूर्ण वाचून घेतलं. रांग तुंबली, पोलिसांनी शिव्या घातल्या, त्या आम्ही खाल्ल्या.

आता आत्या रोज सराव करते. थेरपीवाल्या मुलीला उशीर झाला तर घड्याळाकडे बोट दाखवून तिला फैलावर घेते. शब्द तुटक येतात, पण येतात. परवा मी धीर करून विचारलं, आत्या, ते भाषण तू कधी केलं होतंस? कुठे?

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

"माझा न्हय ता. तिचा. मी पडलंय. ती... निवडून इली."

ती म्हणजे कोण, मी विचारलं. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की हा दादरला स्टुडिओ कसा काय चालवतो.

"तिचा बोलून झाला," ती म्हणाली. "आता माझा. तू गप रव."