शहाद्याच्या बँडचे घागरे

शिवणाऱ्या बाईच्या घरात चिंध्या कधी साठतात ते तिलाही कळत नाही. एक दिवस खाटेखाली हात घालावा तर गाठोडंच हाती लागतं. आमच्या बँडच्या गोष्टींचं तसंच झालंय. काल शेजारची जमनाकाकू गप्पांना बसली आणि गाठोडं सुटलं. त्यातल्या चार इथे मांडते.

महाराष्ट्र तेव्हा नवीन झाला होता. आमचे हे शहाद्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तर लागले होते. आधी फौजेच्या बँडमध्ये होते, तिथे त्यांनी किल्ट घातलेले बाजेवाले पाहिलेले. किल्ट म्हणजे चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागराच, फक्त पुरुषांनी नेसायचा. सव्वीस जानेवारीला आपल्या पोरांचा बँड तसाच निघाला पाहिजे, असं यांच्या मनाने घेतलं. हेडमास्तर म्हणाले, "करा. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते सव्वीस जानेवारी झाल्यावर बघू."

हे हसत घरी आले. मला मात्र हसू येईना. पोटाशी रांगती पोर, आणि नोकरी अडकली घागऱ्यांत!

* * *

कापडापासून सुरुवात. चौकड्यांचं जाड कापड बाजारात एकाच दुकानात मिळालं, तेही गाद्यांच्या खोळींचं. घेतलं. जमनाकाकूचं हातमशीन आमच्या ओसरीवर आलं. पहिला किल्ट पुरा झाल्यावर काकूने तो लांब धरून पाहिला. मग उठून घरात गेली आणि आपली गादी घेऊन आली. तेच कापड, तीच चौकडी.

"मास्तरनी ते गाद्या चालाले लाई दिन्यात," ती म्हणाली. गाद्यांना चालायला लावलं म्हणे!

* * *

किल्टच्या खालच्या कोपऱ्याला एक मोठी पिन लावतात, म्हणजे वाऱ्याने तो उडत नाही. मी पिना डबीत मोजून ठेवायची. एका दुपारी एक कमी भरली. बेबी शेजारीच रांगत होती, आणि तोंडात काहीतरी चघळत होती!

तिच्या तोंडात बोट घातलं, केळ्याची फोड निघाली. तरी माझं समाधान नाही. केळ्यात पिन गेली असेल तर? सगळी ओसरी झाडली, चिंध्या उसकटल्या, पोरीला उलटं धरलं. शेवटी रडत रडत काकूला म्हटलं, आता दवाखान्यात चला. काकू शांतपणे मशीनचं चाक फिरवत होती.

"चाल. पन आधी तुन्ह्या बांगड्या देख."

पिन माझ्याच बांगडीला लटकत होती. दवाखाना राहिला.

* * *

सगळ्यात मोठा घोळ निऱ्यांचा झाला. यांनी कागदावर चित्र काढून दिलं होतं. ते चित्र पाठमोऱ्या माणसाचं, हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही जन्मभर निऱ्या पुढेच घातलेल्या. सगळ्या किल्टच्या निऱ्या पुढे घालून, वर पट्टी मारून, मशीनवर पक्क्या करून टाकल्या.

संध्याकाळी हे आले, एक उचलून उलटसुलट करून पाहिला. निऱ्या मागे पाहिजेत आणि पुढची बाजू सपाट, म्हणाले. काकू उलट यांच्यावरच तडकली, "मांगे निऱ्या कोन घालस हो?"

उसवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, आधी नेसून तर दाखवा. यांनी धोतरावरूनच गुंडाळला. मी कंबरेला धरून अर्धा फेरा दिला, त्यांना नाही, किल्टला. निऱ्या मागे गेल्या. नाडी आणि पिन आम्ही नव्या जागी लावली. झालं की!

* * *

हे असे धोतर सोडून, नुसत्या किल्टवर, आपली पाठ आरशात पाहत उभे असतानाच दारात दगाआबा. गावातलं वजनदार माणूस. त्यांचा नातू मुरली आमचा मोठा ढोल वाजवायचा. तो ढोल पेलणारा दुसरा पोरगा शाळेत नव्हता.

आबांनी यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आंघोळ करी ऱ्हायनात का मास्तर?"

यांनी किल्ट समजावून सांगितला. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही काय बी नेसा. मन्हा नातू घाघरा नही घाली."

म्हणजे ढोल गेला, बँड गेला, नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन मीच त्यांच्या वाड्यावर गेले.  एवढंच म्हटलं, की आबा, तुम्ही स्वतः या आणि पुढे बसून बघा.

आबांनी पोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "इसू. पन एक जरी मानूस हसना, तर पोऱ्याले मैदानावरथून उचली लई जासू." येतो म्हणाले, पण कोणी हसलं तर मुरली गेला.

* * *

सव्वीस जानेवारीला मैदान भरलेलं. आबा पहिल्या रांगेत, पांढरं पागोटं, मांडीवर हात. मी बायकांत. प्रत्येक किल्टखाली खाकी चड्डी घालायला लावलेली, तरी माझे डोळे नाड्यांवरच.

बँड निघाला. निऱ्या अशा हलत होत्या की काकूही मान डोलवू लागली. झेंड्याच्या अलीकडे मुरलीचा ढोल कंबरेवर घासायला लागला आणि नाडीची गाठ सुटली. दोन्ही हात ढोलावर. किल्ट एका बाजूने घसरू लागला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी चारजण. मुरलीचा ठोका चुकला.

आबा उठले. हेडमास्तर बघत होते, हे जागच्या जागी थिजलेले. आबा सरळ मैदानात शिरले. मी डोळे मिटले, पण मिटलेले राहीनात.

आबांनी नातवाच्या कंबरेला किल्ट मुठीत धरला आणि पोरांच्या पावलात पाऊल टाकत त्याच्या बाजूने चालू लागले.

"थांबू नको," ते म्हणाले. "मी धरेल शे."