वाट बघणाऱ्याला कळवणं

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याची एक सवय होती: चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचा, स्क्रीनवरची टीका शेवटपर्यंत वाचायची आणि म्हणायचं, "त्याचं बरोबर हाय." आमच्या लोणावळ्याच्या छोट्या ऑफिसात हे वाक्य ऐकू आलं की आम्ही ओळखायचो, ह्याचं काम परत आलं.

धरणातल्या पाण्याची पातळी मोजणारं आमचं एक यंत्र आहे. संगणकाच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, त्या यंत्राशी बोलता यावं म्हणून तो 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम लिहीत होता. असं काम जगभरातले जाणकार ओळ न् ओळ तपासतात आणि ईमेलवर सगळ्यांदेखत चुका काढतात. आपण दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं. त्यांनी ते स्वीकारलं की लिहिणाऱ्याचं नाव तिथे कायमचं राहतं. वराळ्याच्या ह्या शेतकऱ्याच्या पोराला तेवढंच हवं होतं.

लोक पास झाल्यावर पेढे वाटतात. हा पठ्ठ्या काम परत आलं की चिक्की आणायचा. एकदा परदेशातल्या तपासनिसाने त्याला फारच झोडपलं, तेव्हा मीच चिडले. "अरे, ह्याला एकदा सुनाव की!"

"कशाला? लय मन लावून वाचलंय त्यानं. तू तरी वाचलंस का?"

शेवटी तपासनिसाची एकच शंका उरली. यंत्र मध्येच काढून घेतलं, तर त्याच्याकडून आकडा येईल म्हणून थांबलेल्या प्रोग्रामचं काय? कुणी सांगितलंच नाही, तर तो तसाच थांबून राहील. त्याने चष्मा पुसला. "त्याचं बरोबर हाय. वाट बघणाऱ्याला कळवाया पायजे. उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तापाचं निमित्त झालं आणि गेला. पुढे तपासनिसाचा मेल आला, त्याचंच नाव घेऊन: तुमच्या उत्तराची वाट पाहतो आहे. त्यानंतर पाठीमागे कुणी चष्मा पुसतंय असा भास व्हायचा आणि मी वळून बघायचे. अजूनही बघते.

अखेर दुरुस्ती मी केली. यंत्र गेलं की थांबलेल्याला उठवायचं, ते गेल्याचं सांगायचं आणि मोकळं करायचं. थोड्याच ओळी होत्या, पण सगळा दिवस गेला. लेखक म्हणून नाव त्याचंच ठेवलं आणि तो गेल्याचं मेलमध्ये कळवलं. काम मंजूर झालं.

चिक्की घेऊन वराळ्याला गेले. त्याची आई ओट्यावर बसली होती. म्हटलं, "मावशी, त्याचं काम पास झालं. नाव लागलं त्याचं."

तिने पुडा मांडीवर धरून ठेवला. "लय वाट बघत व्हता गं. त्याला कळवलंस का?"

मंजुरीचा मेल नेहमीप्रमाणे त्याच्याही पत्त्यावर गेला होता.

"कळवलं, मावशी," मी म्हणाले.